अडुसष्ट डॉलर भरू नका

प्रश्न : मी टेक्सासमध्ये इर्व्हिंगला राहते. मोठ्या दिरांनी आमच्यासाठी अर्ज केला होता. नंबर लागायला चौदा-पंधरा वर्षं गेली आणि आता कुठे आम्ही ग्रीन कार्डवर इकडे आलोय. यजमान गॅस स्टेशनवर रात्रपाळी करतात, मी डे-केअरमध्ये आहे. दोघांचा मिळून पगार वर्षाला ६१,००० डॉलरच्या आसपास जातो, हातात येतो त्याहून बराच कमी. घरात आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. मुलगी हुशार आहे. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की एसएटीची, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची, फी माफ होते. मी शोधलं तर चार माणसांच्या घराला ५९,४७८ डॉलरची मर्यादा दिसली, म्हणजे आम्ही थोडक्यात हुकलो. मुलगी म्हणते, ‘आई, शाळेत मागायला जाऊ नकोस, सगळ्यांना कळेल. ६८ डॉलर तर आहेत.’ यजमानांचंही तेच, उगाच कशाला हात पसरायचा, आणि पुढे सिटिझनशिपला आडवं आलं तर? त्यात जाऊबाईंचा मुलगा दीड हजार डॉलरच्या क्लासला जातो. तेवढं आमच्याच्याने होणार नाही. काय करावं?

उत्तर : पहिलं म्हणजे ते ६८ डॉलर भरू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी थांबा.

मी टेक्सासमधल्याच एका सरकारी हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. तुमची मुलगी ज्या टेबलासमोर जायला लाजते, त्याच्या पलीकडच्या खुर्चीवर माझ्यासारखीच कोणीतरी बसलेली असते. तिच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगते. मूल येतं, मी त्याची पात्रता पाहते, एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवरून फी-माफीचा एक कोड काढते आणि त्याच्या हातात देते. कॉफी गार व्हायच्या आत काम संपतं. मला त्यात दया वगैरे काही वाटत नाही. उलट पात्र असलेलं मूल आलंच नाही, तर मला त्याला शोधत फिरावं लागतं. तो त्रास जास्त.

आता तुमचा हिशेब. तो चुकला आहे, आणि चुकला ते तुमच्या फायद्याचं आहे. तुम्ही पाहिलेला आकडा बरोबर आहे, पण तो चार माणसांचा. तुमच्या घरात माणसं पाच. शाळेतल्या जेवणाच्या सवलतीसाठी केंद्राचं कृषी खातं दरवर्षी उत्पन्नाचा तक्ता काढतं आणि फी-माफीलाही तोच तक्ता चालतो. त्यात घर म्हणजे एका चुलीवर, एका खर्चात राहणारी सगळी माणसं. आजी त्यात आलीच. २०२५-२६ च्या तक्त्यात पाच माणसांची मर्यादा ६९,६५३ डॉलर आहे. तुमचे ६१,००० त्याच्या बऱ्याच आत बसतात. सासूबाईंना भारतातून पेन्शन येत असेल तर तीही डॉलरमध्ये करून मिळवा, तरी बहुधा आतच राहाल. एक लक्षात ठेवा, उत्पन्न म्हणजे कर कापायच्या आधीचं. हातात येतं ते नव्हे. तुम्ही ६१,००० धरलेत ते बरोबर केलंत. आणि तक्ता दर जुलैत बदलतो, तेव्हा पुढे मुलासाठी पाहाल तर नवा काढा.

उत्पन्नाचा मार्ग बसला नाही तरी दुसरे आहेत. मूल शाळेतल्या जेवणाच्या सवलतीत आधीपासून असेल, घराला सरकारी मदत मिळत असेल, सरकारी अनुदानाच्या घरात राहत असाल, मूल अपवर्ड बाउंडसारख्या कमी उत्पन्न गटासाठीच्या कार्यक्रमात असेल, किंवा फॉस्टर केअरमध्ये (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेलं) वा बेघर असेल, तर यातलं एकही कारण पुरतं. सगळी लागत नाहीत. परीक्षा अमेरिकेत देणाऱ्या मुलाला नागरिकत्वाची अट नाही, मूल अकरावीत किंवा बारावीत मात्र हवं. दहावीतल्या मुलाला हा कोड मिळत नाही.

यजमानांना सांगा की ही फी कॉलेज बोर्ड माफ करतं, आणि ती खासगी, ना-नफा संस्था आहे. सरकारच्या तिजोरीतून तुमच्या नावावर काही पडत नाही. शाळेतलं सवलतीचं जेवण घेतलं म्हणून ग्रीन कार्डवाल्याची सिटिझनशिप अडत नाही. ही भीती आपल्या लोकांत एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक वेळी थोडी मोठी होते.

आता ६८ डॉलरकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. घरोघर असाच विचार होतो की एवढ्यासाठी कशाला, भरून टाकू. पण कोड म्हणजे नुसती एका परीक्षेची फी नव्हे. एकदा तो मुलीच्या कॉलेज बोर्डाच्या खात्यात नोंदला की दोन वेळा एसएटी मोफत. पुढे स्कोअर हव्या तितक्या कॉलेजांना मोफत पाठवता येतो. बाकीच्यांना पहिले चारच मोफत मिळतात, तेही परीक्षेनंतर नऊ दिवसांत नावं दिली तर. म्हणजे स्कोअर कळायच्या आधीच. दोन हजारांहून जास्त कॉलेजं अशा मुलांची अर्जाची फी घेत नाहीत. आणि खासगी कॉलेजांच्या आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा जो लांबलचक फॉर्म असतो (पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६), तोही फुकट.

मुलगी सहा कॉलेजांना अर्ज करेल असं धरा. अर्जाची फी प्रत्येकी ७० डॉलर धरली तर ४२० झाले. पुन्हा एकदा एसएटी द्यावीशी वाटली, आणि बहुतेकांना वाटते, तर आणखी ६८. वर स्कोअर पाठवायचे पैसे. स्वाभिमानापोटी ६८ भरायला गेलात तर पाचशेच्या वर हातचे जातील, आणि ते एकदम जात नाहीत. बारावीच्या ऑक्टोबर ते जानेवारीत थोडे थोडे जातात. मग घरात असं होतं की मूल आपणहून यादी छोटी करतं. सहाची तीन कॉलेजं होतात. कोणी काही बोलत नाही, आईला वाटतं तिलाच तेवढी आवडली असतील. माझ्या ऑफिसात हे मी सारखं पाहते, आणि कापली जातात ती नेमकी जास्त मदत देणारी कॉलेजं, कारण त्यांचीच अर्जाची फी मोठी असते.

मुलीची लाज मी हसण्यावारी नेत नाही. सोळाव्या वर्षी ती खरी असते. पण तिला नेमकं काय दिसेल आणि काय नाही ते सांगा. परीक्षेला वेगळी रांग नसते, वेगळा पेपर नसतो, स्कोअरच्या कागदावर माफीचा उल्लेख नसतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाला काही कळत नाही. अर्जाची फी माफ झाली हे कॉलेजला मात्र कळतं. ते लपवत नाही, कारण त्याने नुकसान होत नाही. अर्ज वाचणाऱ्याला एवढंच समजतं की हिने जे मिळवलं ते कुठल्या परिस्थितीत मिळवलं.

जायचं कसं? शाळेत जेवणाच्या सवलतीचा फॉर्म भरला आहे का ते आधी आठवा. नसेल तर आजच भरा, तो वर्षात कधीही भरता येतो. यात दोन खाचा आहेत. शाळेत सगळ्याच मुलांना मोफत जेवण असेल, तर पालकांना वाटतं फॉर्मची गरज नाही. पण सगळ्यांना जेवण मिळतं एवढ्यावर तुमचं उत्पन्न कागदावर येत नाही. अशा शाळांत उत्पन्नाचा वेगळा फॉर्म असतो, तो मागून घ्या. दुसरी खाच अशी की जेवणाची माहिती गोपनीय असते. कँटीनच्या ऑफिसात तुमचं नाव असलं तरी काउन्सेलरला ते आपोआप दिसेलच असं नाही. माहिती इतर सवलतींसाठी वापरायला पालकांची संमती आहे का, असा रकाना बऱ्याच फॉर्मवर असतो. तिथे खूण राहून जाते आणि मग आई म्हणते, ‘फॉर्म तर दिला होता!’ आणि मी म्हणते, ‘माझ्याकडे काहीच नाही.’ दोघीही खरं बोलत असतो.

मग काउन्सेलरला चार ओळींचा ईमेल. मुलीचं नाव, इयत्ता, घरात पाच माणसं, उत्पन्न तक्त्याच्या मर्यादेत आहे, एसएटीच्या फी-माफीचा कोड हवा. बस. कहाणी लिहू नका; वाचून वाईट वाटतं, पण कोडला ती लागत नाही. इंग्रजीत बोलायचा संकोच वाटत असेल तर दुभाषा मागा. सरकारी शाळेने पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोललं पाहिजे असा इथला कायदा आहे. मुलीलाच दुभाषी करून नेऊ नका. स्वतःच्या घरचं उत्पन्न तिने तोंडाने सांगायचं, यासारखी अवघड गोष्ट त्या वयात नाही. कोड आला की नाव नोंदवताना पैसे भरायच्या पानाआधी तो टाकायचा. क्रेडिट कार्डाचा नंबर एकदा घातला की सोडवत बसावं लागतं.

टेक्सासमध्ये असल्याचा आणखी एक फायदा आहे. २०१९ च्या एका कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याच्या एका एसएटीचा, एसीटीचा (एसएटीसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा) किंवा टीएसआयचा (कॉलेजच्या तयारीची टेक्सासची परीक्षा) खर्च राज्य शाळेच्या डिस्ट्रिक्टला परत देतं. म्हणून बऱ्याच शाळा अकरावीच्या वसंतात वर्गाच्याच दिवशी, शाळेतच एसएटी घेतात. मुलीच्या शाळेत ती आहे का विचारा. असेल तर ती पहिली संधी धरा, आणि कोडवरची परीक्षा ऑगस्टमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये, बारावीच्या सुरुवातीला द्या. मधला सगळा उन्हाळा अभ्यासाला मिळतो.

एसीटीचीही अशीच माफी आहे आणि ती चार वेळा मिळते. दोन्ही परीक्षांच्या मागे एकदम लागू नका. एसीटीचा एक सराव पेपर सोडवून पाहू दे, जी बरी वाटेल ती धरू दे.

क्लासचं म्हणाल तर पुतण्याला जाऊ द्या बापडा. २०२४ च्या मार्चपासून अमेरिकेत एसएटी पूर्ण कॉम्प्युटरवर होते, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. त्याच ॲपमध्ये पूर्ण लांबीचे सराव पेपर फुकट आहेत, आणि ते परीक्षा घेणाऱ्यांनीच काढलेले. गणिताचा डेस्मॉस कॅल्क्युलेटर आतच बसवलेला आहे, तो हाताखाली यायला हवा. आलेखावरून उत्तर काढायची सवय झाली की बराच वेळ वाचतो. खान अकॅडमीवरचा एसएटीचा सराव २०१५ पासून मोफत आहे आणि तो कॉलेज बोर्डाच्या सहकार्यानेच चालतो. माझ्या एका विद्यार्थिनीने काय केलं ते सांगते. आई-वडील दोघंही हॉटेलात कामाला, घरात एकच खोली. शनिवारी सकाळी ती पब्लिक लायब्ररीत जाऊन पूर्ण पेपर द्यायची, सव्वादोन तास, फोन दप्तरात. रविवारी चुकलेले प्रश्न तेवढे वहीत उतरवायची आणि प्रत्येकापुढे एकच ओळ: का चुकलं. ‘घाईत’ लिहायची परवानगी मी तिला दिली नव्हती. घाईत म्हणजे नेमकं काय वाचलं नाहीस, ते लिही. महिन्याभरात वहीवरून दिसायला लागलं की तिच्या निम्म्या चुका स्वल्पविराम आणि अर्धविरामाच्याच होत्या. त्या आठवड्याभरात गेल्या. दीड हजारांच्या क्लासात हे शिकवत नाहीत असं नाही, पण शिकवलं म्हणजे मूल करतंच असंही नाही.

घरी धड चालणारा लॅपटॉप नसेल तर शाळेचा चालतो, त्यात ब्लूबुक घातलेलं हवं. तोही नसेल तर कॉलेज बोर्ड परीक्षेपुरता लॅपटॉप उसना देतं, पण परीक्षेच्या निदान तीस दिवस आधी मागावा लागतो. आदल्या आठवड्यात माझ्याकडे आलात तर माझ्या हातात काही नसतं.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाकडे गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरले आहेत. गावातल्या गरजू मुलांची, फक्त मराठीच नव्हे, एसएटीची फी भरावी असा विचार आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर चेक देऊ. यादी कशी करावी?

उत्तर : विचार चांगला आहे, म्हणून स्पष्ट बोलते. जी मुलं पात्र आहेत त्यांची फी तुम्ही भरू नका. तुम्ही ६८ भरलेत तर मूल कोड घेणार नाही आणि वरच्या पत्राच्या उत्तरात सांगितलेलं बाकी सगळं गमावून बसेल. त्यांच्यासाठी तुम्ही करण्यासारखं काम म्हणजे कोणीतरी पालकांसोबत बसून तो जेवणाचा फॉर्म भरून देणं. त्याला चेक लागत नाही, एक मोकळी संध्याकाळ लागते.

पैसा लागतो तो दुसरीकडे. मर्यादेच्या जरासं वर असलेली घरं आहेत, दोन-तीन हजारांनी हुकलेली. त्यांना हा कोड मिळत नाही, त्यांची फी भरा. एपी परीक्षांकडे बघा, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा. २०२५ मध्ये एकेका परीक्षेची फी ९९ डॉलर होती. कमी उत्पन्नाच्या मुलाला कॉलेज बोर्ड ३७ सोडतं आणि शाळा आपला ९ चा वाटा सोडते, तरी ५३ उरतात. काही राज्यं पुढचेही भरतात, सगळी नाही. चार एपी घेतलेल्या मुलाला हे २१२ डॉलर होतात, आणि मग ते वर्षभर वर्गात बसून परीक्षा मात्र देत नाही. हे पैसे शाळेत एपीचं काम पाहणाऱ्या माणसाकडे द्या, मुलाच्या हातात नको.

आणि गाडी. शनिवारची एसएटी बऱ्याचदा दुसऱ्याच शाळेत, वीस-तीस मैलांवर असते. पावणेआठला दारं उघडतात आणि आठला बंद होतात. रात्रपाळी करून आलेला बाप त्या वेळी गाडी चालवण्याच्या स्थितीत नसतो, बस त्या वेळी नसते. मंडळात भल्या पहाटे उठून बॅडमिंटनला जाणारे बरेच असतील. त्यातल्या चौघांनी एक शनिवार दिला तरी पुष्कळ झालं.

स्टेजवरच्या चेकचं मात्र रद्द करा. फोटोसुद्धा नको. ती मुलं सोमवारी तुमच्याच मुलांच्या वर्गात बसणार आहेत.

प्रश्न : मी बारावीत आहे, टेक्सासमध्येच. माझे स्कोअर १४०० च्या आसपास आहेत. मला जायचं त्या एका मोठ्या खासगी कॉलेजात स्कोअर दिला नाही तरी चालतो, आणि तिथल्या मुलांचे स्कोअर खूप वरचे दिसतात. आई-बाबा कॉलेजला गेलेले नाहीत, घरची परिस्थिती साधारण. स्कोअर लपवू का?

उत्तर : दे. डार्टमथ या नामांकित खासगी कॉलेजच्या प्राध्यापकांनी २०२४ च्या सुरुवातीला त्यांच्याकडच्या अर्जांचा अभ्यास मांडला. त्यात हेच दिसलं की कमी उत्पन्नाच्या घरातली, १४०० च्या आसपास स्कोअर असलेली मुलं तो कमी समजून पाठवत नव्हती, आणि पाठवला असता तर त्यांना फायदाच झाला असता. प्रवेश समिती तुझा १४०० तुझ्या शाळेच्या शेजारी ठेवून वाचते. तुझ्या शाळेची सरासरी हजाराच्या घरात असेल तर तो आकडा वेगळाच दिसतो. डार्टमथने त्यानंतर परीक्षा पुन्हा सक्तीची केली.

सगळीकडे सारखं नाही, हेही बघ. यूटी ऑस्टिन या टेक्सासच्या सरकारी विद्यापीठाला २०२५ च्या प्रवेशापासून स्कोअर पुन्हा द्यावाच लागतो, वर्गात वरच्या नंबरात असलास तरी. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत उलट, पाठवलास तरी ते प्रवेशासाठी बघत नाहीत; तिथे त्याची चिंता सोड. आणि टेक्सासमधल्याच सरकारी कॉलेजात गेलास तर वाचन-लेखनात ४८० आणि गणितात ५३० असले की कॉलेजच्या तयारीची ती वेगळी टीएसआय परीक्षा द्यावी लागत नाही. १४०० ला ते दोन्ही आलेच.

तू फी-माफीवर परीक्षा दिली असशील तर स्कोअर पाठवायला एक पैसा लागत नाही. नसशील दिली आणि पात्र असशील तर या आठवड्यात काउन्सेलरला गाठ. बारावीतही कोड मिळतो, आणि अर्जांच्या फीसाठी तो अजून उपयोगी पडेल.